निलचा कागद

मी रूपालीला घराबाहेर काढली तेव्हा तिच्या हातात औषध भरलेली सुई होती आणि माझ्या हातात माझ्या मुलाचे दोन कागद होते. सकाळची वेळ. शेजारच्या बायका त्यांच्या खळ्यात बांगडे वाळत घालत होत्या, त्या हात थांबवून बघत राहिल्या. मी तिचा दंड धरून तिला ओढत पायऱ्या उतरवल्या आणि तिची पिशवी मागून फेकली. पिशवीतून साड्या आणि कंगवा मातीत पडला. ती उचलायला वाकली नाही. सुई तिने टोक वर करून छातीशी धरली होती, आतलं सांडू नये म्हणून.

"आये," ती म्हणाली, "ह्या एवढा दिवचा रवला हा. तां झाला की जातंय."

"काय घेवचा तां थंय रस्त्यार जावन घे," मी म्हटलं. "माझ्या घरात तुझी थेरां नको. माझ्या झिलाक सुकवलंस तू. वांझोटी ती वांझोटी, वर आपलो रोग तेका लावलंस."

माझा मुलगा सतीश ओट्यावर बसला होता. तो आपल्या चपलांकडे बघत होता. रूपालीने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग सुईला टोपण लावलं, तुळशीच्या कोनाड्यात ठेवली, साड्या झटकून पिशवीत भरल्या आणि एस्टीच्या थांब्याकडे चालू लागली. सुई मी माडाच्या आळ्यात फेकून दिली.

ही माझी पहिली सून. तुम्ही तिला पाहिलेली नाही, म्हणून कशी होती ते सांगते.

फोंडाघाटची. घाटाच्या पायथ्याच्या माणसाला समुद्र काय ठाऊक? लग्न होऊन आली तेव्हा तिला पेडवा आणि तारली या माशांतला फरक कळत नव्हता. वाळूत चालताना मोठे पाय रुतवत चालायची आणि बायका हसायच्या. उंच, रुंद हाडाची, रंगाने सावळी. लग्नाआधी गावातल्या मेडिकलच्या दुकानात कामाला होती. एक खोड तिला होती: कागद दिसला की वाचायची. बांगडे ज्या पेपरात गुंडाळून आणले तो पेपर ओला असला तरी उलगडून वाचायची. मिठाच्या पिशवीवरचं वाचायची, औषधाच्या डबीत घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो तोही शेवटपर्यंत वाचायची.

"वाचून पोट भरता काय गो?" मी विचारायची.

"पोट भरणा नाय, आये. पण आधी वाचूचा, मगे गिळूचा," ती म्हणायची. कसलीही गोष्ट असो, तिचं हेच. आधी वाचूचा. मला त्याचा राग यायचा. मी चौथी शिकलेली. मराठी वाचते, इंग्रजी अक्षरं मला चित्रासारखी दिसतात.

सतीश लहानपणापासून किडकिडीत. आमच्याकडे रापण चालते. होडी समुद्रात जाळं अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांच्या दोरीला वीस-वीस माणसं लागून ते किनाऱ्यावर ओढतात. सतीश दोरीला लागला की बाप्ये ओरडायचे, "रे, त्या सुकटाक बाजूक करा, वाऱ्यान उडात." सुकट हेच त्याचं नाव पडलं. त्याचा बाप खडकावरून मासळी हेरणारा, रापणीत मोठा मान असलेला माणूस, आणि पोराला सुकट म्हणतात, हे मला खुपायचं.

पुढे सतीश कुडाळला एमआयडीसीत कामाला लागला आणि तिथल्या जिममध्ये जाऊ लागला. दीड वर्षात त्याचे दंड माझ्या मांडीएवढे झाले. छाती अशी की सदऱ्याची बटणं लागेनात. दोरीला एकटा चौघांचं काम करायचा. आता ते त्याला बैल म्हणू लागले आणि मी वाडीत मान वर करून फिरू लागले. रोज आठ अंडी उकडून द्यायची मी त्याला. एवढ्या ताकदीवर मुलगी देणारे खूप आले. त्यातून मी रूपाली निवडली, कारण हाडं रुंद होती. मला नातवंडं हवी होती आणि ती धडधाकट हवी होती.

तीन वर्षं झाली तरी काही नाही. मी तिला बोलायला लागले. आधी आडून, मग तोंडावर. शेवटी ती म्हणाली, "आये, दोघांचे तपासणे करूक व्हये." दोघं कुडाळला जाऊन आली. कागद मी मागून घेतले.

इथे माझी चूक झाली, ती नीट सांगते.

माझ्या नवऱ्याला साखर होती. दर महिन्याला त्याची लघवी तपासायचो. कागदावर साखरेपुढे तीन अक्षरांचा एक इंग्रजी शब्द यायचा, मधल्या अक्षरावर टिंब. कंपाउंडर म्हणायचा, "निल आहे, काकी. छान." शब्द आला नाही आणि आकडे आले, की तो तोंड वाकडं करायचा. असं नऊ वर्षं, तो जाईपर्यंत चाललं. निल म्हणजे चांगलं, आकडे म्हणजे रोग. एवढं इंग्रजी मला येत होतं.

रूपालीच्या कागदांवर वरपासून खालपर्यंत आकडे होते. सतीशच्या कागदावर मधोमध तीन अक्षरं, मधल्यावर टिंब.

"निल!" मी ओरडले. "माझ्या झिलाचो निल इलो!"

सतीश पांढरा पडला. रूपाली काही बोलायला गेली, तर त्याने तिचा हात धरून तिला आत नेली. मला वाटलं, बायकोचा दोष कळल्याने पोराला दुःख झालं. मी पेढे आणून वाटले. तो कागद देव्हाऱ्यात देवाच्या फोटोमागे ठेवला, वर हळदकुंकू लावलं.

मग मी देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून गुरव मागणं सांगतो आणि जमलेले सगळे त्याला होकार देतात. मी गुरवाला सगळं समजावून सांगितलं होतं. तो मोठ्या आवाजात बोलला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आज नारळ ठेवलेलो आसा."

"होय म्हाराजा!"

"तिच्या झिलाचो कागद निल इलो. तेच्यात काय एक खोट नाय."

"होय म्हाराजा!"

"सुनेच्या कुशीत काय वाकडानाकडा असात तां दूर कर, आणि तिची ओटी भर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

रूपाली पुढे उभी होती, हात जोडून. सगळ्यांबरोबर तीही होय म्हाराजा म्हणाली. तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला, कारण तो स्पष्ट होता. सतीशचा आवाज आला नाही.

त्यानंतर ती दर पंधरवड्याला कुडाळला जायची आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून इंजेक्शनं आणायची. आमच्या फ्रीजमध्ये कोकमाच्या आगळाच्या बाटलीमागे ती डबी असायची. एस्टीतून उतरली की बायका विचारायच्या, "काय गो फोंड्याची, डब्यात म्हावरा काय?" ती म्हणायची, "होय गो, पण ह्या म्हावऱ्याक काटो आसा," आणि हसून पुढे जायची. मी सगळ्यांना सांगायची, तिचीच ती इंजेक्शनं, गाभण राहायची. तिने कधी नाही म्हटलं नाही.

त्याच दिवसांत सतीश उतरत चालला. दंड गळाले. जिम सुटली. दुपारी अंथरुणात पडून राहायचा, कधी कारण नसताना रडायचा. तीस वर्षांचा बाप्या उशीत तोंड घालून रडतो, हे मी माझ्या घरात बघितलं. दोरीला गेला तर माणसं म्हणाली, "बैल मेलो रे, सुकट परत इला." दुसऱ्या दिवसापासून तो गेला नाही. रूपाली त्याला जेवण भरवायची, पाठ चोळायची, रोज संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला न्यायची. मला उलटंच दिसलं. ही आली आणि माझा पोर वाळला. ही त्याचं रक्त पितेय.

असे आठ महिने गेले. एक दिवस दोघं कुडाळहून आली ती हसत. रूपालीने आल्या आल्या गूळ-नारळाचा रस काढून खापरोळ्या केल्या. मी म्हटलं, कसला सण? ती म्हणाली, "आये, वायच थांबा. सांगूचा आसा, पण तो सांगात." तो सांगेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या पिशवीत नवा कागद बघितला. देव्हाऱ्यातला जुना काढून शेजारी धरला. जुन्यावर जिथे निल होतं, तिथे नव्यावर मोठा आकडा होता.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. माझ्या निल पोराच्या अंगात रोग शिरला होता. मी आतल्या खोलीत गेले. ती खिडकीशी उभी राहून सुई भरत होती. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

तिने कोर्टात न भांडता सही केली. पुढच्या वर्षी मी सतीशचं दुसरं लग्न लावलं आणि वर्षाच्या आत मुलगी झाली. मी वाडीभर सांगितलं, बघा, खोट कोणात होती. मधल्या काळात रूपालीला दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा ती माणसं चौकशीला आमच्या वाडीत आली, आणि दोन्ही वेळा मी सांगितलं: वांझ आहे. मला ते खरं वाटत होतं.

नात तीन वर्षांची झाल्यावर मी कुडाळला गेले होते. बाजाराचा दिवस होता. कुणी तरी म्हणालं, तुमची पहिली सून त्या मेडिकलमध्ये असते. मला राहवेना. देव्हाऱ्यातून आणलेले दोन्ही कागद माझ्या पिशवीत होते. खोटं का बोलू, मी ते घरूनच घेऊन निघाले होते. नातीचा फोटोही घेतला होता.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. ती काउंटरमागे एका म्हाताऱ्याची चिठ्ठी वाचत होती. थोडे केस पिकले होते. मला बघून म्हणाली, "येवा आये. बरी आसात?"

मी फोटो काउंटरवर आपटला. "बघ गो. माझ्या झिलाचा चेडू. तेचो कागद निल होतो, ह्यो बघ. आता ह्या सगळ्यांच्या समोर सांग, खोट कोणात होती?"

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. तिने फोटो बराच वेळ बघितला. मग कागद घेतला. तो तिला पाठ असणार, तरी वरपासून खालपर्यंत वाचला. मग तो पालथा करून ठेवला, कुणाला दिसू नये असा, आणि पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, "आये, बाबांच्या कागदार साखर निल म्हंजे काय?"

"साखर नाय."

"मगे ह्या कागदार काय नाय, तां कोणाक विचारल्यात कधी?"

एवढंच. मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. तिने मला आतल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. गिऱ्हाइकं संपवून आली आणि शेजारी बसली.

"तेच्यात काय नव्हता?" मी विचारलं.

"बी नव्हता, आये. एक पण नाय. जिमवालो तेका ताकदीची इंजेक्शना टोची. लग्नाच्या आधीपासून. माका तेच्या पिशवीत रिकामी बाटली गावली. मी वाचलंय आणि समाजलंय."

"ताकदीच्या इंजेक्शनान बी जाता?"

"बाबा रापणीक काय करीत?" तिने उलट विचारलं.

"खडपार उबे रवत. पाण्याचो रंग बघीत, म्हावरा दिसला की टॉवेल हालवीत."

"आणि मगे?"

"मगे होडी जाळां सोडता. दोरयेचो पयलो माणूस दुसऱ्याक हाळी देता, दुसरो तिसऱ्याक, आणि सगळे वडूक लागतत."

"आंगात तसाच आसा. मेंदवाच्या खाली वाटाण्याएवढी गाठ आसा. ती खडपावरचे बाबा. ती रक्तातसून खूण धाडता. खाली पेशी आसत, तेंच्या दारार ती खूण लागता. दार आतल्याक हाळी देता, आतलो पुढच्याक. हाळयेवर हाळी. तेवां पुरुषाचा बी तयार होता." ती हातांनी दाखवत होती. फोंडाघाटची बाई मला रापण शिकवत होती. "आता सांगा. कोणी भायरसून म्हावऱ्याचे भरलेले टोपले आणून वाळूत ठेवले, तर बाबा टॉवेल हालवतीत?"

"कित्याक हालवतीत? म्हावरा इला म्हणान खाली बसतीत."

"तां इंजेक्शन म्हंजे ते टोपले. गाठ खाली बसली. खूण बंद, हाळी बंद, दोरी वाळूत पडान रवली. आंग भायरसून फुगला आणि आतला काम थांबला."

मी त्याला रोज आठ अंडी खाऊ घालत होते ते मला आठवलं.

"आणि तुझी ती डब्यातली?"

"माझी खंय? तेचीच. जिमची सोडली म्हणान तो सुकलो, रडलो. आणि डब्यातली म्हंजे खडपार दुसरो माणूस उबो करून तसोच टॉवेल हालवूचो. खालच्यांका वाटता बाबाच हालवतत, ते दोरी धरतत. आठ म्हयने मी हालवलंय. मगे खरी गाठ आपसूक उबी रवली." मी पिशवीतून काढलेला दुसरा कागद तिने उचलला, आकड्याचा. "ह्यो आकडो इलो, आये. तुमचा चेडू झाला तां ह्याच आकड्यान."

"तू तेवां कित्याक बोलाक नाय?"

"तेणा माझ्या पायार हात ठेवलेल्यान. आवशीक सांगू नको, लोक हसतीत." तिने कागदाची घडी घालून मला परत दिला. "आणि त्या दिवशी बोललंय मी. दिवचा रवला, म्हटलंय. तुमी घेवचा ऐकल्यात."

खरंच तसं झालं होतं. स्वतःला टोचणारी बाई 'घेवचा' म्हणेल. दुसऱ्याला टोचणारी 'दिवचा' म्हणते. तिचा तो शब्द माझ्या कानात जसाच्या तसा होता.

"मगे परत येवक कित्याक नाय? कोर्टात सही कित्याक केलंस?"

"जो चपलांकडे बघता, तेच्याकडे परत कित्याक येवचा?" ती म्हणाली. मग उठली, कारण गिऱ्हाईक आलं होतं. जाता जाता तिने माझ्या पिशवीतली गोळ्यांची पट्टी बघितली; साखर आता मलाही आहे. "आये, साखरेची गोळी जेवच्या आधीची आसा काय मगेची, तां आधी वाचा हां."

मी माफी मागितली नाही. तोंडात शब्द आला नाही आणि मी तो ओढूनही आणला नाही. घरी येऊन दोन्ही कागद चुलीत घातले. सतीशला विचारलं, तो म्हणाला, "जांव दी मगे, आये. आता काय तेचा?" आणि पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर गेला.

त्यानंतर चार-सहा महिन्यांनी आरोंद्याहून माणसं आली. एक बाई आणि तिचा मामा. बाईचा भाऊ विधुर होता, मूल नव्हतं, त्याने रूपालीला कुडाळात बघितलं होतं आणि ती त्याच्या मनात भरली होती. बाई भली वाटली. पदर सावरून म्हणाली, "काकी, चेडू चांगला आसा असा सगळे सांगतत. आमका दुसरा काय एक नको. भावाक एक पोर व्हया. ती तुमच्याकडे चार वर्षां होती. तुमी काय तां खरा सांगा."

सतीश समोर ओट्यावर बसला होता, मुलगी त्याच्या मांडीवर. या वेळी तो चपलांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. दुसरी सून चहा घेऊन दारात उभी होती. तिला काही ठाऊक नाही, आजही नाही. मला बोलायचं होतं ते एका वाक्याचं होतं. खोट माझ्या झिलात होती. पण ते बोलले असते तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीत गेलं असतं, आणि पोर नक्की कोणाचं असं विचारणारी तोंडंही आमच्या वाडीत आहेत. पोर मांडीवर बसून त्याच्या सदऱ्याचं बटण चोखत होती.

मी वांझ म्हटलं नाही. तेवढं मी केलं नाही. मी म्हटलं, "चा घेवा."

ती बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी कप पुढे केला. मामाने तिच्याकडे बघून मान हलवली. चौकशीला आलेल्या माणसांना एवढं पुरतं. चहा पिऊन ती गेली आणि पुन्हा आली नाहीत.

याला दोन वर्षं झाली. यात मेलं कोणी नाही. सतीश आहे, पुन्हा थोडा भरला आहे, दोरीला जातो. त्याची बायको आहे. नात पाच वर्षांची आहे, बालवाडीत जाते. मी आहे. रूपाली कुडाळला आहे, त्याच दुकानात. भाड्याच्या खोलीत एकटी राहते. तिला मूल नाही.